सीमेवरची मुले आणि स्लाव्ह भाषांची विद्या

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे सुशिक्षित कुटुंबांतून एकच विचार सुरू होतो : मुलाने वैद्यक घ्यावे की यंत्रविद्या? या दोन राजमार्गांखेरीज तिसरी वाट असू शकते हे कोणी सुचविलेच, आणि ती वाट परक्या भाषांच्या अध्ययनाची असली, तर "त्यात पोट कसे भरणार?" या एका प्रश्नासरशी विषय मिटतो. हा प्रश्न अगदीच गैरवाजवी आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याचा परामर्श आम्ही पुढे घेणारच आहोत. तथापि उत्तर शोधण्यापूर्वी आपल्या मुलांच्या गाठीस कोणते भांडवल आहे, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही. तो हिशेब अक्कलकोटासारख्या सीमेवरच्या गावी मांडला, तर शिल्लक पुष्कळच निघते असे आम्हांस वाटते.

अक्कलकोटचे भाषाधन

श्रीस्वामी समर्थांच्या वास्तव्याने पावन झालेले हे क्षेत्र महाराष्ट्रास चांगलेच परिचित आहे. १८५६ ते १८७८ अशी बावीस वर्षे महाराज येथे राहिले. १९४८ साली विलीन झालेल्या भोसले संस्थानाची ही राजधानी. परंतु या गावाचे एक वैशिष्ट्य आमच्या विषयाशी अधिक निकटचे आहे. येथील मूल घरी मराठी बोलते, बाजारात कानडी ऐकते, शेजारी दख्खनी उर्दू चालते आणि सोलापुरास गेले की तेलुगूही कानी पडते. व्याकरण न शिकता तीन-चार भाषांत व्यवहार करणारा हा बालक आपल्या अंगी काही विशेष आहे असे मुळीच मानीत नाही. आणि त्याचे वडीलही मानीत नाहीत.

उलट, भाषा म्हणजे तंट्याचे मूळ, एवढेच आपण या भागात पाहत आलो. १९६७ साली महाजन आयोगाने अक्कलकोट तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्यास जोडावा अशी शिफारस केली, हे वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. तालुका महाराष्ट्रातच राहिला, वाद मात्र पुरता शमला नाही. ज्या भाषांवरून मोठी माणसे भांडली त्याच भाषा लहान मुले सहज बोलत राहिली, यातील बोध घेण्यासारखा आहे.

स्लाव्ह जगताशी या प्रदेशाचा संबंध अगदीच नवा आहे असेही नाही. रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी अफानासी निकितीन १४६९ च्या सुमारास चौल बंदरी उतरला, जुन्नरास पावसाळा काढून बहामनी राजधानी बीदर येथे गेला आणि आपला वृत्तांत लिहून मागे ठेवता झाला. त्यात शेख अल्लाउद्दीनाच्या नावाने भरणाऱ्या आळंदच्या वार्षिक बाजाराचे वर्णन आहे. दहा दिवस चालणाऱ्या त्या बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत, असे तो सांगतो. हे आळंद म्हणजे इंद्रायणीकाठचे नव्हे. अक्कलकोटच्या पूर्वेस हद्दीला हद्द लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यातील तालुक्याचे ठाणे होय. आपल्या वेशीबाहेरच्या बाजाराची साडेपाचशे वर्षांपूर्वीची हकीकत मुळातून वाचावयाची, तर जुनी रशियन भाषा आली पाहिजे!

नात्यागोत्याचे शब्द

रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन, सर्बियन, क्रोएशियन इत्यादी भाषांचे मिळून स्लाव्ह कुल होते. संस्कृत आणि स्लाव्ह या दोहोंचे मूळ एकाच प्राचीन वंशात आहे, हे भाषाशास्त्राने केव्हाच सिद्ध केले आहे. आमच्या वाचकभगिनींस याची प्रचीती आपल्या सासरीच पाहावयास मिळेल. क्रोएशियन भाषेत स्त्रीच्या सासऱ्यास म्हणतात स्वेकर, सासूस स्वेकृवा, दिरास द्येवेर आणि सुनेस स्नाहा. संस्कृतातील श्वशुर, श्वश्रू, देवर आणि स्नुषा यांच्याशी हे शब्द ताडून पाहावे. आमचे सासरा, सासू, दीर, सून हे शब्दही त्याच खाणीतले. विधवेस तेथे उदोवित्सा म्हणतात, भावास ब्रात, आकाशास नेबो आणि अग्नीस ओगान्य. हजारो कोसांवरील लोकांनी एकत्र कुटुंबाची ही नावे आजवर जतन केली आहेत, हे पाहून कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

व्याकरणाचीही तीच गोष्ट. क्रोएशियन नामे सात विभक्त्यांत चालतात. त्यांत तृतीयेसारखी करणवाचक आणि सप्तमीसारखी अधिकरणवाचक अशी स्वतंत्र रूपे आहेत, आणि संबोधनही आहे. इंग्रजीवर वाढलेल्या विद्यार्थ्यास या रूपांची धास्ती वाटते. ज्याने बालपणी 'रामः रामौ रामाः' घोकले, त्यास ती वाटण्याचे कारण नाही. आपल्या 'ऋ'प्रमाणे तेथे रकार स्वराचे काम करतो. त्या देशाचे स्वभाषेतील नाव हृवात्स्का असेच उच्चारावयाचे असते. मात्र ही रूपावली एका जातीच्या वा एका घराण्याच्या मिरासीची वस्तू नव्हे. शाळेत संस्कृत घेणारी कोणतीही मुलगी किंवा मुलगा या लाभाचा धनी होऊ शकतो.

लहान राष्ट्राची मोठी कहाणी

स्लाव्ह राष्ट्रांत रशिया थोरला. पण आम्ही क्रोएशियाकडे मुद्दाम लक्ष वेधतो, ते त्याच्या लहानपणामुळेच. २०२१ च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या अडतीस लाखांहून थोडी अधिक भरली. २०११ साली एकट्या सोलापूर जिल्ह्याची त्रेचाळीस लाखांवर होती. एवढ्या थोड्या लोकांनी व्हेनिस, हंगेरी, ऑस्ट्रिया आणि तुर्क अशा बलाढ्य सत्तांच्या कचाट्यात आपली भाषा टिकविली.

त्यांचा पहिला मानबिंदू म्हणजे बाश्का येथील शिलालेख. क्रक बेटावर इ. स. ११०० च्या सुमारास तो ग्लागोलित्सा नामक प्राचीन स्लाव्ह लिपीत कोरला गेला आणि आज झाग्रेबच्या विद्वत्परिषदेत सांभाळला आहे. रोमन पंथाच्या चर्चमध्ये लॅटिनचे साम्राज्य असता, १२४८ साली पोपने सेन्यच्या धर्माध्यक्षास याच लिपीत आणि स्लाव्ह भाषेत उपासना करण्याची अनुज्ञा दिली. क्रोएशियन लोकांचे पहिले छापील पुस्तक १४८३ चे, तेही ग्लागोलित्सातच. मार्को मारुलिच याने 'युदिता' हे महाकाव्य लोकभाषेत रचले; ते १५२१ साली व्हेनिसमध्ये छापले गेले.

तथापि राज्यकारभारात लॅटिन ठाण मांडून बसली होती. १८३० साली ल्युदेवित गाय याने वर्णलेखनाची सुधारणा सुचविली. १८४३ साली इव्हान कुकुल्येविच याने विधिसभेत पहिले भाषण स्वभाषेत केले. आणि १८४७ साली सभेने लॅटिनच्या जागी क्रोएशियन भाषेची स्थापना केली. पुढे युगोस्लाव्हियात भाषेच्या नावाचा प्रश्न पुनः उपस्थित झाला, तेव्हा १९६७ साली तेथील लेखक-पंडितांनी आपल्या भाषेचे नाव व स्थान यांविषयी जाहीरनामा काढला. अक्कलकोटविषयी शिफारस झाली ते साल हेच! १९९१ साली देश स्वतंत्र झाला आणि २०१३ साली युरोपीय संघाचा सभासद होताच त्याची भाषा संघाच्या चोवीस अधिकृत भाषांत गणली गेली.

हा इतिहास वाचताना आम्हांस आपल्या मोडीची आठवण होते. क्रोएशियन पंडितांनी ग्लागोलित्साचा एकेक दगड व एकेक पान वाचून आपला पूर्वेतिहास उभा केला. आमच्याकडे मराठी राज्यांची व संस्थानांची दप्तरे बहुतांशी मोडीत आहेत, आणि ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. परक्यांचा सांस्कृतिक इतिहास अभ्यासण्याचा एक मोठा लाभ असा, की आपल्या घरातील न उघडलेल्या पेट्या दिसू लागतात.

मालाबारचा पाद्री

क्रोएशियन वंशाच्या एका पुरुषाचे ऋण तर संस्कृतज्ञांनी स्मरावयास हवे. फिलिप वेस्दिन उर्फ पाउलिनुस हा ऑस्ट्रियात स्थायिक झालेल्या क्रोएशियन कुळात १७४८ साली जन्मला. १७७६ पासून १७८९ पर्यंत तो मालाबारात पाद्री म्हणून राहिला, आणि परतल्यावर १७९० साली त्याने रोम येथे 'सिद्धरूपम्' हे संस्कृत व्याकरण प्रसिद्ध केले. युरोपात छापलेले हे पहिले संस्कृत व्याकरण होय. पुढे १७९८ साली त्याने झेंद, संस्कृत आणि जर्मन या भाषांच्या आप्तसंबंधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गोव्यात जुन्या गोव्याजवळ गंवडाळी येथे संत ब्लाझचे चर्च आहे. हा संत क्रोएशियन बंदर दुब्रोव्हनिक याचा ग्रामरक्षक. तेथील व्यापाऱ्यांशी या चर्चचा संबंध सांगितला जातो.

आमच्यातूनही काही थोर पुरुष त्या दिशेस गेले. गोमंतकाचे धर्मानंद कोसंबी यांनी १९२९-३० च्या सुमारास लेनिनग्राद येथे जाऊन पालीचे अध्यापन केले. खुद्द सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि चिनी भाषा आत्मसात करून त्याच लोकांत सेवा करता करता १९४२ साली निवर्तले. परकी भाषा सोलापूरच्या मातीस पेलत नाही, असे कोणी म्हणू नये.

अध्ययनाच्या वाटा

आता व्यवहाराकडे वळू. आरंभ रशियनपासून करणे शहाणपणाचे. कारण तिची सोय जवळ आहे आणि तिच्या पायावर इतर स्लाव्ह भाषा लवकर चढतात. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग १९४९ पासून चालू असून तेथे रशियन शिकविली जाते. मुंबई विद्यापीठातही तिचा स्वतंत्र विभाग आहे. अक्कलकोटहून पुणे आणि हैदराबाद ही दोन्ही शहरे अंतराने जवळजवळ सारखीच. हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठातही रशियनची सोय आहे. दिल्लीस जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे रशियन केंद्र १९६५ साली स्थापन झालेल्या संस्थेतून वाढले. दिल्ली विद्यापीठाच्या स्लाव्ह व फिनो-उग्रियन विभागाच्या अभ्यासक्रमांत रशियनखेरीज पोलिश, चेक, बल्गेरियन, हंगेरियन आणि क्रोएशियन यांचाही समावेश होत आला आहे. मात्र लहान भाषांचे वर्ग शिक्षकाच्या उपलब्धतेवर अवलंबून असतात. यास्तव प्रवेशापूर्वी विभागाकडे पत्र घालून खात्री करून घ्यावी.

ज्यांस पुढे जावयाचे त्यांच्यासाठी झाग्रेब विद्यापीठ आहे. तेथे परकीयांस क्रोएशियन शिकविणारे 'क्रोआतिकुम' हे केंद्र आहे, आणि हिंदी व संस्कृत शिकविणारा भारतविद्येचा विभागही आहे. म्हणजे संस्कृत जाणणारा विद्यार्थी तेथे केवळ घेणारा नव्हे, देणाराही ठरतो. १९७२ पासूनची झाग्रेबची स्लाव्ह विद्याशाळा परदेशी अभ्यासकांसाठी उन्हाळी वर्ग भरविते. युरोपीय संघाच्या एरास्मस मुंडस शिष्यवृत्तीतून निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांत मिळून पदव्युत्तर अध्ययन करता येते.

आता तो पोटाचा प्रश्न. केवळ क्रोएशियन शिकून हिंदुस्थानात चरितार्थ चालेल असे सांगणे म्हणजे पालकांची फसवणूक होय; तशा जागा फारच थोड्या आहेत. रशियनची स्थिती बरी : अनुवाद, दुभाषेगिरी, अध्यापन, औषधांचा व यंत्रांचा व्यापार, प्रवासव्यवसाय यांत तिला मागणी असते. म्हणून आमची सूचना अशी, की प्रथम रशियन पक्की करावी, तिच्या जोडीस इतिहास, कायदा, वाणिज्य किंवा ग्रंथालयशास्त्र यांपैकी एक विषय घ्यावा, आणि क्रोएशियनसारखी लहान भाषा तिसरी म्हणून धरावी. पाच-सहा वर्षांची चिकाटी नसेल, तर या वाटेस न लागणेच उत्तम.

परंतु ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या ठिकाणी ती चिकाटी आणि शब्दांची गोडी दिसेल, त्यास "पोट कसे भरणार?" म्हणून दारातच अडवू नये, एवढी आमची पालकांस विनंती आहे. लहान राष्ट्रांच्या भाषा घरात बोलणाऱ्या आयांनी आणि ग्रंथालयात बसणाऱ्या पंडितांनी तगविल्या, हे क्रोएशियाच्या इतिहासाने दाखविले आहे. सीमेवरच्या आमच्या घरांत पहिली सोय आहे. दुसरीसाठी निदान एखादे मूल तरी मोकळे सोडण्याइतकी सुबत्ता आज पुष्कळ कुटुंबांत आहे. पुढील निकालांच्या वेळी घरात बैठक बसेल, तेव्हा ही तिसरी वाटही मुलांपुढे ठेवावी.