पगाराचा कागद चुकीच्या हाती पडला तर



आपल्याकडं जुनं बोलणं आहे, बाईला वय विचारू नये आणि पुरुषाला पगार. हे ज्यांनी म्हटलं त्यांच्या काळात बाईलाही पगार असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आज आपल्या इंदापूर-बारामती भागातल्या बायका डाळिंबाच्या पॅकिंगला जातात, लोणी देवकरच्या आणि बारामतीच्या एमआयडीसीत जातात, टेक्स्टाइल पार्कमध्ये शिलाई मशीनवर बसतात, गटाच्या उद्योगात पापड-मसाले करतात. पगार बँकेत जमा होतो आणि त्याचा हिशोब मोबाईलवर फिरतो. म्हणूनच कुणाचा तरी पगार चुकून सगळ्यांसमोर येण्याचे प्रकार वाढलेत. तसं झालं तर काय करायचं, यावर आज बोलू.

दुसऱ्यांचं उदाहरण देण्याआधी आमचंच सांगतो, कारण चूक आमच्याकडून झाली. आमच्या महिला गटांचा मिळून एक छोटा मसाला उद्योग आहे. महिनाअखेरीला पगाराचा तक्ता बँकेच्या कामासाठी एकीला पाठवायचा होता. रात्री साडेनऊची वेळ, दिवसभराची दमणूक, आणि तक्त्याचा फोटो गेला तो कामावरच्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. दहा-पंधरा मिनिटांनी लक्षात आलं. 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं, पण तोवर निम्म्याहून जास्त जणींनी पाहिला होता, दोघींच्या फोनमध्ये फोटो उतरलाही होता.

त्या तक्त्यात पाच रकाने होते. नाव, हजेरी, दर, उचल आणि खाते क्रमांक. त्यातून तीन वेगवेगळी दुखणी बाहेर आली.

पहिलं असं की, पॅकिंगच्या एका ताईंना इतरांपेक्षा महिन्याला दोन हजार जास्त मिळत होते. दुसऱ्या दिवशी कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही. कुणी 'मॅडम' म्हणालं, कुणी डबा घेऊन दुसरीकडं बसलं. किल्ल्या त्यांच्याकडं असतात, मालाचं रजिस्टर त्या लिहितात, पाकिटावरचा बॅच नंबर आणि तारीख त्याच तपासतात. जास्त पैसे त्यासाठी होते, पण ते आम्ही कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

दुसरं दुखणं उचलीच्या रकान्यातलं. एका ताईंनी माहेरी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी उचल घेतली होती, सासरी न सांगता. आपल्याकडं फोन बाईचा असला तरी तो घरात सगळ्यांच्या हातात असतो. त्या रात्री फोन नवऱ्याच्या हातात होता. दुसऱ्या दिवसापासून ताई कामावर आल्या नाहीत.

तिसरं आम्हाला सगळ्यात खाली मान घालायला लावणारं. कांडप यंत्रावर दोन पाळ्या चालतात. एका पाळीला एक दादा, दुसऱ्या पाळीला एक काकी. यंत्र तेच, पोती तेवढीच, झाडलोटही तीच. दादांना महिन्याला दीड हजार जास्त. का, असं काकींनी विचारलं तेव्हा आमच्याकडं उत्तर नव्हतं. दादा आले तेव्हा त्यांनी जेवढे मागितले तेवढे दिले, काकींनी मागितले नाहीत म्हणून दिले नाहीत. बायकांच्या गटात बायकांनीच हे केलं होतं.

आता, त्या आठवड्यात आम्ही काय केलं आणि काय करायला उशीर केला, ते क्रमानं सांगतो.

सगळ्यात आधी चूक करणाऱ्यानं. फोटो डिलीट करून गप्प बसू नये. लोकांनी पाहिलेलं असतं आणि आपल्या गप्प बसण्यानं संशय वाढतो. आम्ही ग्रुपवर एवढंच लिहिलं, 'पगाराचा तक्ता आमच्या चुकीनं इथं आला. कुणी उतरवून घेतला असेल तर काढून टाका, पुढं पाठवू नका. उद्या आम्ही प्रत्येकीशी बोलतो.' मात्र ज्यांची माहिती उघडी पडली त्यांना त्याच रात्री एकेकीला फोन करायला हवा होता. तो आम्ही सकाळी केला. उचलवाल्या ताईंना रात्रीच कळलं असतं तर घरी कसं सांगायचं याचा विचार करायला त्यांना थोडा तरी वेळ मिळाला असता. हा उशीर आम्हाला अजून बोचतो.

खाते क्रमांकाचंही तसंच. तक्त्यात खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक असेल तर त्या बाईला लगेच सांगा. बँकेतून बोलतोय म्हणून कुणी ओटीपी मागितला तर देऊ नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

आता जिचा पगार उघड झाला तिच्यासाठी. तुमची काही चूक नाही, त्यामुळं खुलासे देत बसू नका. कुणी विचारलं तर 'माझ्याकडं हे हे काम जास्तीचं आहे, बाकी ज्यांनी पगार ठरवला त्यांना विचारा' एवढं पुरे. टोमणे थांबत नसतील तर ते थांबवणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, तसं त्यांना स्पष्ट सांगा. चिडून काम सोडू नका.

आणि जिनं दुसरीचा आकडा पाहिला तिच्यासाठी. पाहिलेलं न पाहिल्यासारखं करता येत नाही, मनाला लागणारच. पण आकडा पाहताना नीट पाहा. हातात पडलेला पगार आणि ठरलेला पगार यांत फरक असतो. कंपनीत भविष्य निर्वाह निधीसाठी साधारण १२ टक्के कापले जातात, ईएसआय असेल तर ०.७५ टक्के. एकीचा ओव्हरटाइम असतो, दुसरीची उचल वळती झालेली असते, तिसरी ठेकेदाराकडून आलेली असते. हे सगळं पाहूनही फरक उरला तर जरूर विचारा. पण 'तिला एवढा का?' असं विचारू नका, 'मला एवढाच का?' असं विचारा. म्हणजे, 'साहेब, मी अमुक वर्षं इथं आहे, अमुक काम करते, माझा दर कसा ठरला आणि वाढ कधी होते?' असा प्रश्न केला की भांडण दुसऱ्या बाईशी होत नाही आणि उत्तर काम देणाऱ्याला द्यावं लागतं.

त्या उत्तराला कायद्याचा आधार आहे. समान कामाला समान वेतन हे आपल्या राज्यघटनेच्या ३९व्या कलमात लिहिलेलं आहे. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. आता तो २०१९च्या वेतन संहितेत सामावला आहे आणि ही संहिता नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आहे. एकाच प्रकारच्या कामाला बाई म्हणून कमी पगार देता येत नाही. पगाराची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. आणि एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा, फरक मिटवायचा म्हणून ज्याला जास्त आहे त्याचा पगार कमी करता येत नाही, जिला कमी आहे तिचाच वाढवावा लागतो.

यात आपल्या मुंबईतल्या एका बाईंचं नाव घ्यायला हवं, ऑड्री डिकॉस्टा. मॅकिनन मॅकेन्झी नावाच्या कंपनीत त्या स्टेनोग्राफर होत्या. तिथं पुरुष स्टेनोग्राफरना जास्त पगार आणि साहेबांसोबत काम करणाऱ्या महिला स्टेनोग्राफरना कमी. १९७७ साली नोकरी गेल्यावर त्यांनी समान वेतनाच्या कायद्याखाली दाद मागितली. कंपनीनं युनियनशी झालेला करार दाखवला, परवडत नाही असंही सांगितलं. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हे चालणार नाही. मालकाची ऐपत पाहून हा कायदा लागू होत नाही. काकींचा प्रश्न आला तेव्हा आमच्यातही कुणीतरी म्हणालं होतं, 'आपला उद्योग लहान, कुठून द्यायचे?' त्याचं उत्तर न्यायालयानं तेव्हाच देऊन ठेवलंय.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. लिली लेडबेटर ही बाई टायरच्या कारखान्यात १९ वर्षं सुपरवायझर होती. कुणीतरी नाव न लिहिता एक चिठ्ठी तिच्यापर्यंत पोचवली, त्यात तिचा आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांचा पगार होता. ती कोर्टात गेली, पण २००७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तक्रारीला उशीर झाला म्हणून तिला नाकारलं. २००९मध्ये तिच्या नावानं कायदा सुधारला गेला, पण तिच्या हाती काही आलं नाही. म्हणून, माहिती कळली की कुढत बसू नका. आपल्याकडं वेतनाचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. आधी लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जाता येतं. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन करायचा तर क्रमांक १५१००.

मग पगार झाकलेले बरे की उघडे? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. पण गटात आपण नेमकं उलटं शिकलो. बचत किती, कर्ज कुणाला किती, थकलं किती, सगळं बैठकीत वाचून दाखवतो आणि त्यावरच गट टिकतो. माहिती अधिकाराच्या कायद्यानं २००५पासून सरकारी कर्मचाऱ्यांचे पगारही जाहीर करावे लागतात. तेव्हा पगाराचं नाव काढणंच पाप, असं नाही. पण सगळंच भिंतीवर लावायचं नसतं.

आम्ही बैठक घेऊन दोन भाग केले. कामाचा दर उघडा. पॅकिंगला किती, यंत्राला किती, किल्ल्या आणि रजिस्टर सांभाळायचे जास्तीचे किती, हे आता लिहून भिंतीवर लावलंय. तो कागद लागल्यावर पॅकिंगच्या ताईंवरचे टोमणे बंद झाले. दोघींनी तर रजिस्टर लिहायला शिकायचंय असं सांगितलं. बाईची स्वतःची गोष्ट मात्र झाकलेली, म्हणजे उचल, कपात, खाते क्रमांक. त्याची पावती प्रत्येकीला वेगळी, कागदावर आणि हातात. जिच्या घरी फोन सगळे पाहतात तिला मोबाईलवर काही पाठवायचं नाही. बँकेचा तक्ता एकीनंच पाठवायचा, तोही दिवसा, आणि पाठवण्याआधी दुसरीनं नाव वाचून पाहायचं.

काकींचा दर दादांएवढा केला. मागचा फरक एकदम देणं झेपत नव्हतं, तसं काकींना सांगून हप्ते ठरवले आणि ते लेखी दिले. दादांनी बैठकीत एवढंच म्हटलं, 'मला ठाऊक असतं तर मीच बोललो असतो.'

उचलवाल्या ताईंच्या घरी आम्ही दोनदा गेलो. नवऱ्यापुढं आणि सासूबाईंपुढं सांगितलं की, चूक आमची आहे, तिनं घेतलेले पैसे तिच्या कष्टाचे आहेत आणि ती ते फेडतेय. पहिल्यांदा चहासुद्धा मिळाला नाही. महिन्यानं ताई कामावर आल्या. काम पहिल्यासारखंच करतात, हसतात-बोलतात. पण नंतर मुलीच्या फीची अडचण आली तेव्हा त्यांनी आमच्याकडं उचल मागितली नाही, बाहेरून व्याजानं पैसे घेतले. आम्हाला ते नंतर कळलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात पगार किंवा मानधन दिलं जात असेल तर येत्या बैठकीत दोनच गोष्टी करा. कामाचे दर मोठ्यानं वाचा. आणि कुणाचा कागद कुणाच्या फोनवर जातो, ते एकदा तपासा.