वजन का उतरत नाही?

वजन कमी करायचे ठरवणारे आपल्या ओळखीत पुष्कळ असतात. त्यांतले बरेचजण दोन महिन्यांत कंटाळतात आणि "आमचा बांधाच असा" म्हणून नाद सोडतात. दोष त्यांच्या निश्चयाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. बहुतेक वेळा हिशेब चुकलेला असतो. बी किती पेरले, खत किती घातले याची नोंद ठेवणारा शेतकरी स्वतःच्या ताटाची नोंद ठेवत नाही. म्हणून इंदूर व आसपासच्या घरांत नेहमी दिसणाऱ्या अडचणी येथे देत आहोत.

१. काम बदलले, ताट तेच. बाफले हे माळव्याचे आवडते जेवण. कणकेचे गोळे पाण्यात उकडायचे, मग भाजायचे आणि तुपात बुडवायचे. दिवसभर नांगर धरणाऱ्याला ते पचत असे. आता नांगरणी ट्रॅक्टरने होते, कापणीला यंत्र येते, आणि मुलगा इंदुरात खुर्चीवर बसून काम करतो. तूप मात्र आजोबांच्याच मापाने वाढले जाते.

२. मधले खाणे. सकाळी पोह्यांवर शेव, सोबत जिलबी. रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेले गराडू. हे जेवण म्हणून कोणी मोजत नाही. पण मूठभर शेवेत सुमारे 150 कॅलरी असतात आणि अर्धा तास चालण्याने साधारण सव्वाशेच खर्च होतात. तेलाच्या एका लहान चमच्यात 45 कॅलरी, साखरेच्या चमच्यात 20. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला की 160 कॅलरी झाल्या. सराफ्यात कधीच जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. जायचे तेव्हा घरी जेवून जाऊ नये, आणि तो बेत महिन्यातून एकदाच असावा.

३. उपाशी राहणे. काहीजण एकदम जेवण तोडतात, तर काहीजण उपवास धरून साबुदाण्याची खिचडी खातात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट आणि तूप पडले की उपवास जेवणापेक्षा जड होतो. उपासमारीचे तर उलटेच फळ मिळते. 1944-45 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले होते. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले, पण शरीराने आपला खर्चही कमी केला आणि त्यांच्या मनात रात्रंदिवस अन्नाचाच विचार राहिला. वजन थोडे उतरून मध्येच अडते, त्याचे एक कारण हेच. तेव्हा धीर सोडू नये. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुरे.

४. घरचा आग्रह. "एक पोळी घ्याच" हे आपल्याकडे प्रेमाचे बोलणे. शिवाय उरलेला भात, मुलांच्या ताटातले राहिलेले, हे सगळे "टाकायचे कसे?" म्हणून घरातली बाई खाते. तिचे वजन वाढले की तिलाच बोल लावतात. अन्न वाया घालवू नये हे खरे. त्यासाठी स्वयंपाकच मोजून करावा. एकाने पथ्य पाळायचे आणि बाकीच्यांनी समोर तळण खायचे, अशाने कोणाचेच पथ्य टिकत नाही.

५. केवळ काट्यावर भरवसा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच भरत होते. पण युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2 टक्के निघाली. आपल्या लोकांत चरबी पोटाशी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरावी. कंबर पुरुषाची 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या आत असावी.

६. औषधे, आजार आणि जागरण. थायरॉइडचा विकार, स्टेरॉइड, मधुमेहाची व मनोविकाराची काही औषधे यांनीही वजन वाढते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते. पथ्य पाळूनही काहीच फरक पडत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. मनाने औषध बंद करू नये.

मग सुरुवात कोठून करावी? आठवडाभर तोंडात गेलेला प्रत्येक घास आणि प्रत्येक कप वहीत लिहावा. महिन्याला घरात तेल किती लागते ते पाहून त्यात चौथ्या हिश्श्याची कपात करावी. पोट भरण्यासाठी पोळ्या-भाताऐवजी डाळ, उसळ आणि भाजी वाढवावी. मूग-हरभरे आपल्याकडे पिकतात. सोयाबीन तर माळव्याचे मोठे पीक. 1987 साली त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरातच निघाले. त्याच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिने असतात, पण आपण पोती बाजारात धाडतो आणि पिशवीतले तेल घरी आणतो. दाणे भिजवून नीट शिजवावेत, किंवा थोडे गव्हात घालून दळावेत.

ऐंशी किलोच्या माणसाने चार ते आठ किलो कमी केले तरी रक्तदाब व साखर यांत फरक दिसतो, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. एवढे बहुतेकांना साधण्यासारखे आहे. मात्र वही एकाची नको, सगळ्या घराची असावी.