नव्या गाडीत दोष? दाद वाशिममध्येच मागा

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड किंवा मानोऱ्याच्या ग्राहकाने गाडी अकोल्यात घेतली असली, तरी तक्रारीसाठी तिकडे खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत हवी. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही.

खरी लढत कागदावर होते. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघून घेऊ, साहेब’ हे तोंडी आश्वासन आयोगापुढे कामाला येत नाही. दर खेपेला जॉब कार्डवर तक्रार नेमकी लिहून घ्या: ‘जनरल चेकअप’ नव्हे, ‘चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके देते’. शिवाय तारीख, किलोमीटर, सही. गाडी बदलूनच हवी असेल, तर दोष मुळात उत्पादनातला आहे हे सहसा तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावे लागते. आयोगही तपासणी करवून घेऊ शकतो.

डीलर आणि कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, पण प्रत्येकाची चूक वेगळी मांडा. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून २००९ ची, आधीच ६०० किलोमीटरहून अधिक धावलेली गाडी दिली गेली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये डीलरला जबाबदार धरले. कंपनीविरुद्ध ठोस आरोप नसल्याने ती सुटली.

आयोगाकडे जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवा.