केबल स्वस्त असावी, हलकी नसावी

मोबाइल घेताना आपण चार दुकाने फिरतो, भावाला विचारतो, भाच्याला विचारतो. त्याच मोबाइलला रोज वीज पुरवणारी केबल मात्र भाजी घेता घेता शेजारच्या गाडीवरून उचलून आणतो. मग महिनाभरात ती एका विशिष्ट कोनात धरल्याशिवाय चालत नाही. पुन्हा नवी केबल, पुन्हा तेच. वर्षाअखेरीस हिशेब केला तर एका चांगल्या केबलच्या दुप्पट पैसे गेलेले असतात आणि कपाटाच्या खणात मेलेल्या केबलचा गुंता उरलेला असतो.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. अनेक घरांत एकाच फोनवर मुलांचा अभ्यास, बँकेचा ओटीपी, दवाखान्याचे रिपोर्ट आणि दुबई-मस्कतला असलेल्या मुलाचा रात्रीचा कॉल असे सगळे चालते. रात्रभर केबल लावून ठेवलेला फोन सकाळी बारा टक्क्यांवर दिसला की अख्ख्या घराचा दिवस अडतो. त्याहून वाईट म्हणजे तीच केबल उशीजवळ तापत पडलेली असते.

चांगली केबल म्हणजे महाग केबल असे मात्र नाही. स्वस्त वस्तू आणि हलक्या प्रतीची वस्तू यांत फरक असतो. तो ओळखायला थोडी माहिती पुरते.

तोंड कोणते?

सध्या घराघरांत तीन प्रकारची तोंडे आढळतात. जुने फोन, ब्लूटूथ स्पीकर, ट्रिमर यांना मायक्रो यूएसबी लागते. आयफोन ५ पासून आयफोन १४ पर्यंतच्या फोनना लाइटनिंग लागते. बाकी जवळजवळ सर्व नव्या उपकरणांना टाइप-सी चालते. तिला उलट-सुलट बाजू नसते. २०२३ साली आयफोन १५ पासून ॲपलही टाइप-सीवर आली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल, टॅब्लेट, हेडफोन आदींना टाइप-सी पोर्ट सक्तीचे केले. आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये टाइप-सी पोर्ट, प्लग आणि केबल यांचे मानक जाहीर केले. म्हणून आज नवी केबल घ्यायची तर शक्यतो टाइप-सीमध्येच पैसे घालावेत.

केबलचे दुसरे टोकही पाहावे. ते चार्जरमध्ये जाते. जुन्या चार्जरला चपटे, रुंद यूएसबी-ए तोंड असते, नव्याला टाइप-सी. चार्जर हातात घेऊन दुकानात गेले तर चूक होत नाही.

किंमत असते तांब्याची

केबलच्या आत मुख्यतः दोन जाड तारा विजेसाठी असतात आणि बारीक तारा माहितीच्या देवाणघेवाणीसाठी. हलक्या केबलमध्ये बनवणारा सर्वप्रथम कात्री लावतो ती विजेच्या तारांच्या जाडीला. काही ठिकाणी तर तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या जेमतेम साठ टक्के, आणि वारंवार वाकवल्यावर ते लवकर तुटते. बाहेरून हे काहीच दिसत नाही.

तारेची जाडी गेजमध्ये मोजतात आणि त्याचा आकडा उलटा चालतो: आकडा जितका लहान, तितकी तार जाड. अनेक केबलच्या आवरणावर बारीक अक्षरांत ‘२८ एडब्ल्यूजी’, ‘२४ एडब्ल्यूजी’ असे छापलेले असते. माहितीच्या तारा २८ गेजच्या असल्या तरी चालते. विजेच्या तारा २४ किंवा त्याहून लहान आकड्याच्या हव्यात.

फरक किती पडतो, ते साध्या हिशेबाने पाहू. एक मीटरची केबल म्हणजे वीज जायला एक मीटर आणि परत यायला एक मीटर. २८ गेजच्या तांब्याच्या तारेत या दोन मीटरला सुमारे ०.४३ ओहम विरोध होतो. दोन अँपिअर प्रवाह गेला तर चार्जरमधून निघालेल्या ५ व्होल्टपैकी ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि फोनपर्यंत जेमतेम ४.१५ पोहोचतात. २४ गेजच्या तारेत ही गळती सुमारे ०.३४ व्होल्ट असते. व्होल्टेज पडलेले दिसले की फोन स्वतःच प्रवाह कमी घेतो आणि चार्जिंग रेंगाळते. आपण मात्र बॅटरीला दोष देतो.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. केबलची लांबी दुप्पट केली की गळतीही दुप्पट. पलंगापर्यंत पोहोचावी म्हणून दोन-तीन मीटरची स्वस्त, बारीक केबल घेणे म्हणजे संथ चार्जिंग विकत घेणे. घरात एक मीटरची केबल बरी. लांब हवीच असेल तर ती जाड तारेचीच घ्यावी.

चुकीची जोडणी

संथ चार्जिंगपेक्षा गंभीर दोष जोडणीचा असतो. याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. गूगलमधील अभियंता बेन्सन लेउंग यांनी २०१५ पासून ॲमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या टाइप-सी केबल स्वतः विकत घेऊन तपासायला आणि त्यावर अभिप्राय लिहायला सुरुवात केली. यूएसबी-एपासून टाइप-सीकडे जाणाऱ्या केबलच्या आत ५६ किलो-ओहमचा एक चिमुकला रेझिस्टर असावा लागतो. ‘हा साधा चार्जर आहे, बेताने वीज घे,’ असे तो फोनला सांगतो. अनेक केबलमध्ये तिथे चुकीचा रेझिस्टर बसवलेला आढळला. अशी केबल लावली की फोन चार्जरच्या कुवतीपेक्षा जास्त वीज मागू शकतो आणि चार्जर किंवा लॅपटॉपचे पोर्ट बिघडू शकते. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर त्यांना अशी केबल मिळाली, जिच्या आतल्या विजेच्या ताराच उलट जोडल्या होत्या. ती लावताच त्यांचा लॅपटॉप आणि तपासणीची उपकरणे बिघडली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबलच्या विक्रीला मनाई केली.

तेव्हापासून बाजार बराच सुधारला आहे. तरी बिननावाची, बिनपत्त्याची केबल टाळावी, याचे कारण या प्रसंगात आहे. बिघाड झाला तर विचारायचे कोणाला, हे तरी माहीत असावे.

कोणत्या उपकरणाला कोणती?

साध्या फोनसाठी आणि टॅब्लेटसाठी ३ अँपिअर किंवा ६० वॅट लिहिलेली टाइप-सी केबल पुरेशी आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली कोणतीही मानक केबल ३ अँपिअर वाहून नेते.

लॅपटॉपला ६० वॅटहून अधिक लागत असेल तर ५ अँपिअरची केबल घ्यावी. तिच्या प्लगमध्ये एक ओळख पटवणारी चिप असते. अशा केबलवर १०० किंवा २४० वॅट लिहिलेले असते. फक्त फोनसाठी तिच्यावर जादा पैसे घालवणे ही उधळपट्टीच.

ओप्पो, वनप्लस, रिअलमी यांच्या बऱ्याच फोनची स्वतःची वेगळी जलद चार्जिंग पद्धत असते. तिला खोक्यात आलेला चार्जर आणि तीच खास केबल लागते. साध्या केबलने हे फोन चार्ज होतात, पण सावकाश. म्हणून मूळ केबल सांभाळून वापरावी.

टॉर्च, मसाजर, मुलांची खेळणी, गळ्यात अडकवायचे इअरफोन अशा काही स्वस्त वस्तूंना टाइप-सी पोर्ट असते, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की त्या चार्जच होत नाहीत. वस्तू बिघडलेली नसते. बनवणाऱ्याने पोर्टमागचे काही पैशांचे रेझिस्टर वाचवलेले असतात. अशा वस्तू यूएसबी-ए टोकाच्या केबलने बिनतक्रार चार्ज होतात. त्यासाठी घरात अशी एक केबल ठेवावी.

आखातातून येणाऱ्या पेटीत बरेचदा फोनबरोबर तीन चपट्या पिनांचा चार्जर येतो. सौदी अरेबिया, अमिराती, ओमान, कतार इथे तोच चालतो. हज-उमराहला जाणाऱ्यांनाही तिथे तीच सॉकेट भेटतात. केबल दोन्हीकडे एकच चालते. बदलायचा असतो तो चार्जर. ढिल्या कन्व्हर्टर पिनेवर रोजचा कारभार चालवू नये. तिथे ठिणगी पडण्याचा धोका असतो.

दुकानात काय पाहावे?

पाकिटावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा क्रमांक आहे का ते पाहावे. अँपिअर किंवा वॅट स्पष्ट लिहिलेले असावेत. नुसते ‘सुपर फास्ट’ याला अर्थ नाही. प्लग आणि तार जिथे जुळतात ती ‘मान’ तपासावी, कारण बहुतेक केबल तिथेच तुटतात. तिथे लवचीक, लांबट बूच असावे. कापडी वेष्टण दिसायला छान आणि गुंता कमी करणारे असते, पण त्यावरून आतल्या तांब्याची खात्री होत नाही. सहा महिन्यांची वॉरंटी असेल तर बिल जपून ठेवावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

चार्जर नवा घेत असाल तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो खरा आहे का, हे तपासता येते.

घरी आल्यावर

नवी केबल आणल्यावर एक सोपी चाचणी करावी. फोन वीस टक्क्यांवर असताना जुन्या केबलने अर्धा तास चार्ज करून किती टक्के वाढले ते लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी तोच चार्जर, तेच वीस टक्के, पण नवी केबल. फरक डोळ्यांसमोर येतो.

केबल सैल बसत असेल तर आधी फोनचे पोर्ट पाहावे. खिशातला धागा-कचरा तिथे दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हलकेच काढावा. सुई किंवा पिन घालू नये. बरेचदा नव्या केबलची गरजच उरत नाही.

केबल ओढून नव्हे, प्लग धरून काढावी. उशीखाली, गोधडीत फोन चार्जिंगला ठेवू नये. रांगत्या बाळाच्या हाती चालू केबलचे टोक लागू देऊ नये. प्लग चटका बसण्याइतका तापत असेल, काळा पडला असेल, वास येत असेल किंवा आतली तार उघडी दिसत असेल, तर चिकटपट्टी गुंडाळून दिवस काढू नयेत. सैल जोडणीपाशी उष्णता एकाच बिंदूवर साठते आणि आगीची सुरुवात तिथूनच होते.

अशी केबल कोणी पुन्हा वापरू नये म्हणून सॉकेटमधून काढून मधोमध कापावी आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी. भंगारात गेली तर तांब्यासाठी ती जाळली जाते, आणि प्लास्टिकचा तो विषारी धूर जाळणाऱ्याच्या व आसपासच्या मुलांच्या छातीत जातो.