पत्र्याच्या घरातली थंडी

मुरब्याला कसली आली थंडी, असं बाहेरचे म्हणतात. दुपारी ते खरंही वाटतं. पण पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे सुटतो आणि भिंत-पत्र्याच्या फटीतून थेट अंथरुणात शिरतो. म्हणून आधी पूर्वेकडच्या फटी बुजवाव्यात. जुन्या लुगड्याची वळकटी दाराखाली सारली तरी फरक पडतो. पत्रा रात्री लवकर निवतो. त्याच्याखाली, चुलीपासून आणि वायरीपासून लांब, चटई ताणून बांधावी. दोन्ही गोधड्या अंगावर घेण्यापेक्षा एक खाली घालावी, कारण गार लादी अंगातली ऊब ओढून घेते.

तान्ह्या बाळाचं वेगळं. ते थंडीनं आपल्यासारखं कुडकुडत नाही. मलूल पडतं, दूध ओढत नाही. पोट हाताला गार लागलं तर टोपडं घालून त्याला आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी धरावं, पाठीवरून गोधडी घ्यावी. तरीही दूध ओढत नसेल तर लगेच दवाखाना गाठावा.

आणि शेगडी? दार लावून पेटती शेगडी घरात कधीच नको, निखारे विझत आले असले तरी. त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला ना वास, ना रंग. झोपेतच माणूस जातो. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखू लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्यावर आणावं आणि १०८ ला फोन लावावा. शेकायचं ते अंगणात, मग आत येऊन झोपावं. वरचा झरोका मात्र बुजवू नये.