समुद्र नसलेल्या गावात जहाज

निफाड म्हटले की लोकांना द्राक्षे आठवतात, डिसेंबरातली थंडी आठवते, फार तर नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी. समुद्र कोणालाच आठवत नाही. त्यामुळे आमच्या घरी लाकडी शिडाच्या जहाजाची प्रतिकृती जोडायचा संच, म्हणजे किट, आला तेव्हा मोहल्ल्यात दोन प्रश्न आले. एक, केवढ्याला पडला? दुसरा, पाण्यात चालतो का? चालत नाही. तो चालवण्यासाठी नसतोच. किमतीचे मात्र लपवण्यासारखे काही नाही. असे संच बहुतेक स्पेन, इटली, डेन्मार्क इथले असतात. ते आपल्यापर्यंत येईपर्यंत महाग होतात आणि मोठ्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचा संच शिक्षकाच्या घराला परवडणारा नाही. आम्ही लहानातला लहान, एका डोलकाठीचा घेतला, तोही ईदी आणि मुलांचे साठवलेले पैसे एकत्र करून.

नात्यातल्या एका बुजुर्गांनी स्पष्टच विचारले, "हा इस्राफ नाही का?" प्रश्न रास्त होता. खेळण्यावर उधळपट्टी करणे आम्हालाही पटत नाही. आम्ही हिशेब असा केला, की चार-पाच महिने रोज इशाच्या नमाजनंतर तासभर घरातली पाच माणसे एका टेबलाभोवती बसणार असतील, तर ती किंमत फार नाही. शाळेत कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात असतो, पण परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. वर्गात चौकोनाचे कोन बिनचूक सांगणारी मुले आम्ही पाहतो, ज्यांना दोन फळ्या काटकोनात जोडता येत नाहीत. दोष मुलांचा नाही, त्यांच्या हातात कोणी फळी दिलीच नाही.

आता कामाविषयी. खोक्यात जहाज नसते. असतो तो प्लायवूडचा एक लांब कणा, त्यात बसणाऱ्या आठ-दहा आडव्या फासळ्या, लाकडी पट्ट्यांचा जुडगा, काही गोल काठ्या, दोऱ्याची रिळे आणि नकाशा. फासळ्या कण्याच्या खाचांत बसवल्या की माशाचा सांगाडा पडल्यासारखे दिसते. पहिली परीक्षा इथेच असते. प्रत्येक फासळी कण्याशी काटकोनात हवी. गुण्या लावून पाहायचे, मगच फेविकॉल. निफाडच्या थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा फेविकॉल धरायला फार वेळ घेतो. डिसेंबरात आम्ही चिकटवण्याचे काम दुपारच्या उन्हात ओट्यावर करायचो आणि घासण्याचे काम रात्री.

घासणे हेच यातले खरे काम आहे. फासळ्यांच्या कडा सरळ कापलेल्या असतात, पण जहाजाचे पोट नाळेकडे निमुळते होत जाते. म्हणून पुढच्या आणि मागच्या फासळ्यांच्या कडा पॉलिश पेपरने तिरप्या घासाव्या लागतात, म्हणजे वरून जाणारी पट्टी प्रत्येक फासळीवर सपाट टेकते. एक पट्टी आडवी धरून पाहायची, कुठे फट दिसते का ते बघायचे, पुन्हा घासायचे. नववीतला आमचा मुलगा पहिल्या आठवड्यात कंटाळला. दुसऱ्या आठवड्यात तो डोळे मिटून, फक्त बोट फिरवून, उंचवटा कुठे आहे ते सांगू लागला.

मग पट्ट्या. दीड मिलिमीटर जाड, पाच मिलिमीटर रुंद. गरम पाण्यात अर्धा तास ठेवल्या की वाकतात, कोरड्या वाकवल्या तर मोडतात. एक पट्टी डाव्या बाजूला लावली की पुढची उजवीकडे लावायची, नाहीतर एका बाजूच्या ओढीने कणाच पिळवटतो. नाळेजवळ जागा कमी असते, म्हणून प्रत्येक पट्टी त्या टोकाला कटरने निमुळती करावी लागते. पकडायला महागडे क्लॅम्प लागतात असे पुस्तिकेत लिहिले होते. आम्ही दोरीवरचे कपड्यांचे चिमटे वापरले आणि ते उत्तम चालले. अंगावर हा पहिला थर चढला की त्यावर अक्रोडाच्या पातळ पट्ट्यांचा दुसरा थर येतो, तो दिसण्यासाठी.

आमचे अब्बा मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. त्यांचे वडील शिडाच्या गलबतावर खलाशी होते. अब्बा नोकरीसाठी घाटावर आले ते इथलेच झाले. आता ऐंशीच्या घरात आहेत, हात थरथरतो, बोलणेही कमी झाले आहे. फळ्या लावण्याच्या काळात ते लांबून बघत राहिले. दोरकाम सुरू झाले त्या रात्री मात्र त्यांनी खुर्ची जवळ ओढली, नातवाच्या हातातला दोरा घेतला आणि खुंटाला दोर बांधताना मारतात ती गाठ बोटभर काठीवर मारून दाखवली. थरथरत्या हाताने सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण गाठ बरोबर पडली. त्यानंतर ते बोलत गेले. शीड ज्या आडव्या काठीला बांधतात ती, सुकाणू, नांगर, कोणता दोर ओढला की काय होते, वाऱ्याची नावे. आमच्या मुलीने वहीत शब्द उतरवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यातच चाळीसच्या वर गेले. त्यातले निम्मे आम्हीही पहिल्यांदा ऐकले, आणि आम्ही दोन भाषा शिकवतो.

भाषेचे म्हणाल तर हे जहाज आमच्यासाठी वर्गच ठरले. मुलांना वाटते मराठी एका बाजूला आणि उर्दू दुसऱ्या बाजूला. समुद्रावर तसे दिसत नाही. कोकणातला नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा मालक. खलाशी, बंदर, दर्या, तुफान, जहाज हे सगळे शब्द त्याच पाण्यावरून आले. पावसाला आपण मोसमी म्हणतो तो अरबी मौसिम, म्हणजे ठरलेला हंगाम, कारण जहाजे त्या वाऱ्याच्या वेळापत्रकाने येत-जात. ही भेळ काही पुस्तकातून झाली नाही. शिवरायांच्या आरमारात दौलतखान होता, आणि त्या काळच्या गलबतांवर कोळी, भंडारी, मुसलमान एकाच दोराला हात लावत होते.

संच निवडताना एक अडचण अनेक घरांना येईल, म्हणून सांगतो. युरोपातल्या जुन्या जहाजांच्या नाळेवर बाईची किंवा प्राण्याची कोरीव मूर्ती असते आणि संचात ती धातूची घडवून दिलेली असते. घरात मूर्ती नको असेल तर ती न लावताही जहाज पुरे होते. आम्ही तो प्रश्नच येऊ दिला नाही, अरबी धाऊ घेतली. तिच्यावर मूर्ती नसते, दोर कमी असतात आणि नवशिक्याला तिरके त्रिकोणी शीड सोपे जाते. गंमत म्हणजे धाऊ हे नाव बाहेरच्यांनी रूढ केलेले. अरब लोक बूम, बगला, संबूक अशी वेगवेगळी नावे घेतात.

दुकानात मात्र आपल्याकडची जहाजे जवळजवळ दिसत नाहीत. नेल्सनचे 'व्हिक्टरी', कोलंबसचे 'सान्ता मारिया' सहज मिळते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेले, 1817 मध्ये पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे, हे आमच्या मुलांना आम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हते. केरळात कोझिकोडजवळ बेपूरला आजही मोठे लाकडी 'उरू' बांधले जातात, कागदावरच्या नकाशाशिवाय, मेस्त्रीच्या डोक्यातल्या मापाने. तिथले कारागीर उरूच्या छोट्या प्रतिकृतीही बनवून विकतात.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून गोव्यात एक जहाज बांधले गेले, 'कौंडिण्य'. त्याच्या फळ्यांना खिळे नाहीत, त्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. 21 मे 2025 रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले, 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून निघाले आणि जानेवारीत मस्कतला पोहोचले. चित्रात पोटाचा आकार किंवा वजन कळत नाही, म्हणून आयआयटी मद्रासमध्ये आधी लहान प्रतिकृती पाण्यात तपासली गेली. प्रतिकृती म्हणजे पोरखेळ, असे म्हणणाऱ्या आमच्या बुजुर्गांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, "मग नूह अलैहिस्सलामांच्या कश्तीच्या फळ्या कशाने जोडल्या होत्या?" कुरआनात त्यासाठी आलेल्या 'दुसुर' या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणी खिळे असा घेतात, पण अरबी कोशांत फळ्या बांधायची दोरी हाही अर्थ दिलेला आहे. त्या रात्री टेबलावर काम कमी आणि बहस जास्त झाली.

ज्यांना संच घेणे शक्य नाही त्यांनी घेऊ नये. कणा आणि फासळ्यांचे नकाशे कागदावर काढता येतात, जाड पुठ्ठा किंवा सुताराकडचे प्लायचे तुकडे चालतात, पट्ट्यांसाठी बांबू चिरून घ्यावा. दोऱ्यासाठी आम्हीही संचातले रीळ बाजूला ठेवले. मालेगावहून नातेवाइकांनी लूमचे सूत पाठवले, तेच पीळ देऊन वापरले. सुताला मेण चोळले की बारीक केस उभे राहत नाहीत आणि गाठ घट्ट बसते. येवल्याची पतंगाची आसारी रिकामी पडून होती, सूत तिच्यावर गुंडाळले.

शीड जुन्या मलमलच्या ओढणीचे कापले, चहाच्या पाण्यात बुडवून सुकवले. ते अजून लावलेले नाही. अब्बांचे म्हणणे आहे की ओढणीचे सूत उभे धरायचे की तिरके, यावर शिडाचा झोळ ठरतो, आणि मुलाने ते उलट धरले आहे. मुलगा नकाशा दाखवतो. वहीत शब्द एकशे बारा झाले आहेत.