रोमचा हिवाळा, मालवणचा पावसाळा

लॅटिनमधील हिवाळ्याच्या शब्दांचे धागे आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात.

• हिएम्स : हिवाळा, वादळी हवेलाही हाच शब्द. संस्कृत ‘हिम’ आणि ‘हेमंत’ त्याचे सख्खे भाऊबंद. सर्वांचे मूळ एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूत. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली ती २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, मार्गशीर्षात, म्हणजे हेमंतातच.

• ब्रुमा : वर्षातला सर्वांत लहान दिवस; ‘ब्रेविस’ म्हणजे आखूड, त्यावरून. पुढे अर्थ वाढून संपूर्ण हिवाळा. डिसेंबरातला हा दिवस रोममध्ये जेमतेम ९ तासांचा असतो, मालवणात सुमारे ११ तासांचा.

• हिबेर्नुस : हिवाळ्याचा, हिवाळी. यातूनच पोर्तुगीज ‘इन्व्हेर्नु’. गोव्यातल्या पोर्तुगिजांनी मात्र हा शब्द आपल्या पावसाळ्याला लावला. कारण साधे आहे : लिस्बनला मुख्य पाऊस हिवाळ्यातच पडतो. सोळाव्या-सतराव्या शतकातील प्रवासवर्णनांत कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ‘हिवाळा’ आढळतो, तो यामुळेच.

• हिबेर्ना : रोमन फौजेचा हिवाळी तळ. मराठी फौजांची छावणी पडे ती पावसाळ्यात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहीम निघे. समुद्रावरही तोच नेम होता. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नवा हंगाम धरला जातो.